आत्याबाईच्या अंगावरची करवती

अमरावती
सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रुख्मिणीस,
अ. उ. आ.

आज शेवटचा श्रावणी सोमवार. सकाळी अंघोळ, पूजा. दूधवाला उशिरा आला. दुपारी पेन्शनच्या कामासाठी बँकेत जाऊन आलो. संध्याकाळी वरण-भात केला, दिवे लागायच्या आत जेवलो. नंतर टीव्ही लावला. हे पत्र त्याबद्दल आहे.

फोन केला असता. पण फोनवर तू रडायला लागतेस, मी गप्प बसतो आणि दोघांचंही म्हणणं राहून जातं. म्हणून बाबा लिहायचे तसं कागदावर लिहितो.

मला मालिका आवडत नाहीत हे तुला माहीत आहे. गोदावरी असताना आठ वाजले की मी पेपर घेऊन ओट्यावर जात असे. ती गेल्यापासून मात्र आठ वाजता तिचीच मालिका लावून बसतो. घरात त्या वेळी तो आवाज असायचा, तो असू देतो, इतकंच. दीड वर्ष बघतो आहे. त्या घरातल्या बायका पैठणी नेसून पोळ्या लाटतात. नथ घालून झोपतात. सून दवाखान्यात बेशुद्ध पडली तरी ओठांची लाली तशीच. पुरुष बूट घालून देवघरासमोर उभे राहतात. कुणाच्याही पदराला कधी तेलाचं बोट लागलेलं नाही. गोदावरी हे बघून हसायची. म्हणायची की या बायकांचे कपडे धुते कोण, ते एकदा दाखवा म्हणावं. मला हसू येत नाही, राग येतो.

जूनपासून त्या मालिकेत एक आत्या आणली आहे, वऱ्हाडातून आलेली. गाव सांगत नाहीत. नुसतं वऱ्हाड म्हणतात, जसं काही ते एकच खेडं आहे. सुरुवातीला बाई बरी होती. चार समजुतीच्या गोष्टी सांगायची. आता ती तोंडाचा आवाज करत जेवते, पदरात लाडू लपवते, मोबाइल उलटा धरते आणि ज्याला त्याला काहून बे म्हणते. व्याह्यालासुद्धा. आपल्याकडची कुठली बाई व्याह्याला बे म्हणते? तिनं मले म्हटलं की मागे पिपाणी वाजते. तुले म्हटलं की पुन्हा वाजते. मी नोकरीभर जिल्हा न्यायालयात साक्षी उतरवून घेतल्या. वरूडचे, बाळापूरचे, चांदूर रेल्वेचे लोक मले-तुले म्हणत त्या पिंजऱ्यात रडले आहेत, खोटं बोलले आहेत, वकिलांना उलट उत्तरं दिली आहेत. त्यांच्यामागे कुणी पिपाणी वाजवली नाही.

शेजारच्या दुर्गाबाईंना मात्र कौतुक. परवा त्या सांगत होत्या की भाऊ, आपल्याकडची बाई आली न टीव्हीवर, पाहून राह्यले का तुमी.

आता मुख्य गोष्ट. आज ती आत्या गोदावरीची करवती नेसून होती. तुझी वहिनी सणाला नेसायची ती मोरपंखी, करवतीच्या दात्यांसारख्या काठांची. याआधीही ती साडी लांबून दिसली होती, पण करवती काय, आपल्याकडे घरोघरी असते, म्हणून सोडून दिलं. आज आत्यानं लाडवाचं तूप पदराला पुसलं आणि कॅमेरा जवळ गेला. पदरावर ते पान दिसलं. उदबत्तीनं पडलेलं भोक गोदावरीनं रफू केलं होतं. मोरपंखी रेशीम मिळालं नाही म्हणून पिवळ्या रेशमानं केलं, आणि मग रफू दिसतं म्हणून त्याचंच आंब्याचं पान केलं. असं पान दुसऱ्या साडीवर असणं शक्य नाही.

फाल्गुनात वर्षश्राद्ध झाल्यावर तू तिचं कपाट आवरलंस. बाकीच्या साड्या कुणालाही दे म्हणालो होतो. ती एकच तुझ्या हातात दिली होती, आणि का दिली ते ठरलं होतं. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी पितृपक्षात अविधवा नवमीचा एकच दिवस असतो. यंदा तिची पहिली नवमी. तू ती करवती नेसून तिच्या नावानं पाटावर बसायचीस, तुझी ओटी भरायची, तुला जेवू घालायचं. तू हो म्हणाली होतीस.

त्या मालिकेच्या कपडेपटात तुझी मुलगी काम करते. तेव्हा साडी तिथे कशी गेली हे विचारायची गरज नाही. तू दिलीस का इशितानं उचलली, एवढंच कळव. नवमी पंधरा सप्टेंबरला आहे. साडी त्याच्या आत इथे आली पाहिजे. नाही आली तर तूही येऊ नकोस. मी दुर्गाबाईंना पाटावर बसवीन.

घरच्या सर्वांना आशीर्वाद. राग आहे तो साडीपुरता नाही, हे समजून असावे.

तुझा
दादा

*

अकोला
शनिवार, २३ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
रुख्मिणीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र यांनी वाचून दाखवलं, कारण मी डोळ्यांत थेंब घालून पडले होते. वाचता वाचता हे मध्येच थांबले आणि खोकायला लागले. म्हणून मी उठून चष्मा लावला आणि पुढचं स्वतः वाचलं. तूही येऊ नकोस! दादा, बहिणीले असं लिहितानी तुझा हात नाही थांबला? आता मी नीट लिहिणार नाही. घरात बोलतो तसंच लिहितो. ज्याले पिपाणी वाजवायची त्यानं वाजवावी.

साडी मीच दिली. इशिता म्हणाली की आई, मले मामीची करवती चार दिवसांसाठी दे. मले वाटलं पोरगी नेसणार. चांगलंच वाटलं. त्या मुंबईत पोट्ट्या फाटके पॅन्ट घालून फिरतात, आपली साडी मागते हेच पुष्कळ. तिनं ते आत्याच्या अंगावर घातली हे मले तुझ्या पत्रातून कळलं. मालिका मीही पाहतो, पण ते आत्या आली की मी उठून भाजी निवडाले जातो. पाहवत नाही. आमच्या भजनी मंडळातल्या बाया मले विचारतात की रुख्मिणीबाई, लाडू कोठी लपवले. पुण्याची माझी जाऊ फोन करते आणि म्हणते की जरा त्या आत्यासारखं बोलून दाखवा ना, मुलांना ऐकायचं आहे. चाळीस वर्षं तिच्याशी मी असंच बोलून राहिली, तिले आता ऐकू आलं. तुले एकट्यालेच राग येते असं समजू नको.

इशिताले फोनवर काय काय बोलली ते लिहीत नाही. ती म्हणे, आई, एकदम नाही काढता येत साडी, समजावून सांगीन. आणि फोन ठेवला. महालक्ष्म्यांले येणार आहे. आली की तिलेच लिहाले लावतो.

आता तुझं. दीड वर्षं तू त्या टीव्हीपुढे बसतोस आणि मले एक फोन होत नाही. वहिनी तुझी बायको होती तशी माझी वहिनी होती. माझ्या तिन्ही बाळंतपणांत तीच होती. दुर्गाबाईले बसव. बाई चांगली आहे, संत्र्याची टोपली पाठवते. पण वहिनीले पुरणात जायफळ चालत नव्हतं, वेलदोडाच लागे. भाताले तूप आधी, वरण नंतर. हे दुर्गाबाईले कोण सांगन? तू? तुले ते जेवत असतानी ताटाकडे पाहिल्याचं आठवते का?

जास्त लिहिलं. लिहिलं ते लिहिलं, खोडत नाही. बहिणीवरचा जीव जसा असेल तसा राहू द्यावा.

तुझी
रुख्मिणी

*

अमरावती
शुक्रवार, २९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रुख्मिणीस,
अ. उ. आ.

परवा गणपती बसले. आपल्याकडे मूर्ती लहानच आणली. आज सकाळी पाऊस थांबल्यावर बाहेर पडलो, पोस्टात गेलो, मग साडी घ्यायला. पितृपक्षात खरेदी करत नाहीत म्हणून नवमीची साडी आधीच घेऊन ठेवायची होती. मी आयुष्यात एकट्यानं साडी घेतली नव्हती.

राजकमल चौकाच्या अलीकडे एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीचं नाव आचल. मुलगी सभ्य होती, तिच्यावर राग नाही. तिनं विचारलं की काका, कोणत्या मालिकेतली दाखवू. मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण खरंच तसंच विचारतात. ही थोरल्या सुनेची, ही सावत्र आईची, ही वाड्यातल्या मालकिणीची. ब्लाउजची पाठ कुणासारखी हवी तेही ठरलेलं. पलीकडे एक आई आपल्या मुलीच्या लग्नासाठी मंगळसूत्र कसं करायचं ते मोबाइलवर मालिका थांबवून दाखवत होती. आता नवरी कशी दिसावी, कशी रडावी, हळदीला सगळ्यांनी पिवळंच घालावं, हे सगळं तिकडून ठरून येतं. पूर्वी हळदीला जुनेर नेसत, कारण हळद निघत नाही. एवढी साधी गोष्ट लोक विसरले.

मी साधी दाखवा म्हणालो. त्यावर आचल म्हणाली की मग हे पाहा, आपल्या वऱ्हाडचीच आहे, खूप चालून राहिली, आत्याबाई साडी. आणि तिनं गठ्ठ्यातून एक साडी काढून पसरली.

रुख्मिणी, ती मोरपंखी होती. कापड प्लास्टिकचं. काठ विणलेला नाही, छापलेला. आणि पदरावर पिवळं पान. तिनं दुसरी उघडली, तिच्यावरही पान. तिसऱ्या साडीवर पान. गोदावरीनं उदबत्तीचं भोक झाकलं होतं. कुणीतरी मालिकेच्या जाहिरातींत आधीच बघून ते नक्षी म्हणून छापलं आणि गठ्ठे पाठवले. त्या पानाखाली भोक आहे हे कुणाला माहीत नाही.

दोन बायका शेजारी उभ्या होत्या, शाळेत शिकवणाऱ्या असाव्यात. गणपतीच्या कार्यक्रमात आत्याची नक्कल करायची म्हणून त्यांनी दोन घेतल्या. काहून बे म्हणून एकमेकींना हसत होत्या. या दोघीही घरी मलेच म्हणत असणार. पुण्या-मुंबईचे लोक हसतात ते एक वेळ समजतं. आपलेच लोक आपल्या आईच्या बोलण्यावर तिकीट काढून हसतात, याला काय म्हणावं?

आचलला मी काही बोललो नाही. मी कुठेच बोलत नाही. दुसऱ्या दुकानातून हिरवी सुती साडी घेतली, जरीच्या काठाची. त्यांनी कुणाची म्हणून सांगितलं नाही, म्हणून घेतली.

तुझ्या पत्राला उत्तर असं की पाटावर कोण बसेल ते साडी आल्यावर बघू. पुरणात जायफळ पडणार नाही.

महालक्ष्म्यांना माझा नमस्कार सांगावा आणि प्रकृतीला जपत जावे.

दादा

*

अकोला
बुधवार, ३ सप्टेंबर २०२५

ती. मामांस,
इशिताचा शि. सा. नमस्कार.

पत्र लिहायची सवय नाही, पण आईनं तुमची दोन्ही पत्रं पुढे ठेवली आणि कागद दिला. उत्तर लिहिल्याशिवाय मुंबईला जायचं नाही असं बजावलं आहे. काल महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं. घर रिकामं वाटतं आहे.

साडी मी खोटं बोलून नेली नाही, पण अर्धवट बोलून नेली हे खरं. मामी दवाखान्यात असताना मी तिच्याजवळ बसले होते. तेव्हा ती म्हणाली होती की तू इतक्या बाहुल्या सजवतेस, एकदा एखादी बाई सजव, जिची साडी धुतल्यासारखी दिसते. ते डोक्यात होतं. मे महिन्यात सांगितलं की वऱ्हाडची आत्या येणार आहे, घरातली शहाणी बाई. आमच्या मुख्य ड्रेसवाल्यांनी तिच्यासाठी भडक नऊवारी आणि दातात मिश्री असं ठरवलं होतं. मी म्हटलं की आमच्याकडे असं कुणी नेसत नाही, मी आणते. आणि मामीची करवती नेली. मामा, पहिल्या दिवशी त्या बाई ती नेसून सेटवर आल्या तेव्हा मला मेकअपरूममध्ये जाऊन रडावं लागलं. तेव्हा आत्या शहाणीच होती. पंधरवड्यानं चॅनलमधून निरोप आला की तिच्या बोलण्यावर लोक हसतात, हसू वाढवा. मग लाडू आले, पिपाणी आली. साडी मी एका माणसाला नेसवली होती.

मी भांडले. लेखकांना बे कुठे म्हणतात, कुठे नाही हे लिहून दिलं. ते म्हणाले, इतकं कुणाला कळतं. तेव्हापासून सेटवर मलाच आत्या म्हणून हाक मारतात. मी मले म्हटलं की कुणीतरी तोंडानं पिपाणी वाजवतं. तुम्हाला आठ वाजता राग येतो, मला सकाळी नऊपासून येतो.

साडी लगेच का मिळत नाही ते सांगते. एकदा एखादा कपडा पडद्यावर दिसला की तो त्या प्रसंगाचा होतो. प्रसंग संपेपर्यंत तोच लागतो. ही साडी लग्नघरात दिसली आहे, त्यामुळे लग्नातली हळद होईपर्यंत ती कुलपात राहणार. तिच्यावर आत्याच्या नावाची पट्टीसुद्धा शिवली आहे. इतकी वर्षं हे काम करते आणि घरची साडी द्यायची नसते हे मला कळायला हवं होतं.

आणखी एक, तेही सांगूनच टाकते. हळदीच्या प्रसंगात आत्या पाय घसरून हळदीच्या पाण्यानं भरलेल्या घंगाळात पडते. हसू वाढवायचं म्हणून. चित्रीकरण पुढच्या आठवड्यात आहे.

तुम्ही दुकानाबद्दल लिहिलं ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. आज त्यावर इतकंच.

रागावलात तरी मामाच राहावं.

तुमची
इशिता

*

अकोला
बुधवार, १० सप्टेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इशिता गेली. जायच्या आधी संध्याकाळी बाजारात गेली आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी बॅगेत कोंबलं. मी विचारलं तर म्हणे, मामांच्या पत्रात होतं ते. मले काही उलगडलं नाही. तुले उलगडत असेल तर मले सांगू नको, नाहीतर मी फोनवर तिले विचारून बसीन.

तिनं लिहिलेलं घंगाळाचं वाचून यांनी टीव्हीची वायर काढून ठेवली. म्हणाले, आपल्या घरात हे दिसणार नाही. मी म्हटलं, बाकी महाराष्ट्राच्या वायरी कोण काढन?

सोमवारी सकाळच्या गाडीनं मी येऊन राहिली आहे. ये म्हणू नको आणि नको येऊ असंही म्हणू नको. दुर्गाबाईले पाटावर बसव. मी ओट्यावर बसीन. तिथून पुरणाचा वास येते. जायफळ पडलं तर मले कळन.

वेलदोडे मी आणतो. बाकी माया तुझ्याकडे ठेवलेलीच आहे, तिले धक्का लावू नये.

रुख्मिणी

*

अमरावती
शनिवार, २० सप्टेंबर २०२५

चि. इशितास,
अ. उ. आ.

आज दिवसभर कोरडं ऊन होतं. सकाळी पाणी भरलं, भाजी आणली. दुपारी झोप आली नाही.

नवमी झाली. तुझी आई सोमवारी वेलदोड्याची पुडी घेऊन आली आणि म्हटल्याप्रमाणे ओट्यावर बसली. मी आत ये म्हणालो नाही. दुर्गाबाई नवी चोळी घालून आल्या, त्यांनी तिला पाहिलं आणि म्हणाल्या की भाऊ, नणंद दारात असतानी मी पाटावर कायले बसू, माझ्या घशाखाली घास तरी उतरन का. आणि त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या, पुरण वाटायला. मग तुझी आई पाटावर बसली. हिरवी साडी तिला दिली. ओटी मी भरली. आम्ही दोघांनी एकमेकांची माफी वगैरे मागितली नाही. भातावर तूप आधी वाढलं. जेवताना मी ताटाकडे बघत होतो. तिनं ते पाहिलं आणि पाणी मागितलं.

तुझं पार्सल बुधवारी आलं, म्हणजे नवमी होऊन गेल्यावर. चिठ्ठी वाचली. बाजारातली आत्याबाई साडी कुलपात ठेवून खरी काढलीस हे कळलं. पण छापील साडीचा रंग पक्का नसतो हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही? का आलं होतं?

काल रात्रीचा भाग मी पाहिला. पितृपक्षात हळद लावतात, तेवढंच राहिलं होतं. सगळे पिवळ्या रंगात नटून उभे होते. आत्या घसरली, घंगाळात पडली, आणि पाण्यात मोरपंखी रंग सुटला. हळदीचं पाणी हिरवं झालं. त्यांनी ते काढून टाकलं नाही, त्यावरही पिपाणी वाजवली. पदर वर तरंगत होता. पान होतं, पण छापलेलं. गोदावरीच्या पानाजवळ कापड थोडं आकसलं आहे, हे तसं नव्हतं. दुर्गाबाई माझ्याजवळ बसून बघत होत्या. या वेळी त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या की भाऊ, त्या बाईले पाण्यातून कोणी हातही देऊन नाही राह्यलं. मग चहा न घेता घरी गेल्या.

मी टीव्ही बंद केला. आजपासून आठ वाजता लावणार नाही. तो आवाज आता तिचा राहिला नाही.

त्या रंगामुळे पकडली गेलीस आणि तुला कामावरून काढलं, हे तू एका ओळीत लिहिलंस. मला त्या ओळीचा अजून राग आहे. बाईला घंगाळात पाडणारे जागेवर आहेत, तिला हसणारे जागेवर आहेत, साड्या छापणारे गठ्ठे पाठवत आहेत. घरी बसली ती तू. साडी नेल्याचा तुझ्यावरचा रागही संपलेला नाही, तो वेगळा. दोन्ही राग मी ठेवतो. तू दिवाळीला ये. अकोल्याला उतरू नकोस, आधी इथे ये. आईला मी सांगतो.

पुढे कुठे काम मिळालं आणि पुन्हा वऱ्हाडातली बाई उभी करायची वेळ आली, तर माझ्या घरात आता द्यायला साड्या नाहीत. पण इथली बाई कुणाला बे म्हणते आणि कुणापुढे पदर सावरते हे मला विचार. मी लिहून पाठवीन. त्यांनी ऐकलं नाही तरी पाठवीन.

तुझ्या आईला हे फोनवर वाचून दाखव. आशीर्वाद मागे घेत नाही, तेवढा भरवसा असावा.

तुझा
हरिहरमामा

ता. क. पत्र बंद केलं नव्हतं म्हणून लिहितो. करवतीच्या आतल्या कडेला शिवलेली आत्याच्या नावाची पट्टी गोदावरीच्या लहान कात्रीनं उसवली. पदराला मेकअपचा तांबूस डाग होता आणि अत्तरासारखा वास. रात्री रिठे भिजत घातले होते, त्या पाण्यात साडी हलक्या हातानं धुतली. पिळली नाही. डाग पुष्कळ गेला, थोडा आहे. पान शाबूत आहे. आत्ता साडी वाळली. घडी घालताना एक टोक ती धरायची आणि एक मी. आज एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं धरून मागे सरकत गेलो, साडी ताणली आणि घडी घातली.